बालोद्यानाचा जनक फ्रेडरिक फ्रोबेल

शिशुवर्गांत रंगीत ठोकळे रचीत बसलेलीं मुलें पाहून पुष्कळ मातापितरांस असें वाटतें कीं, येथें अभ्यास कांहींच होत नाहीं. ज्या पुरुषानें असे ठोकळे शिक्षणाचें साधन म्हणून मुलांच्या हातीं दिले, त्याचें चरित्र आम्ही यंदा आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

फ्रेडरिक फ्रोबेल याचा जन्म जर्मनींतील थुरिंगिया प्रांतांत, ओबरवाइसबाख या गांवीं ता. २१ एप्रिल १७८२ रोजीं झाला. बाप तेथील ख्रिस्ती मंडळीचा पाळक. मूल नऊ महिन्यांचें असतांनाच आई वारली. मंडळीचा व्याप मोठा असल्यानें बापास घराकडे पाहण्यास सवड नसे. आणि सावत्र आईनें स्वतःचें मूल होतांच या पोराकडे पाठ फिरविली. बापानें त्यास वाचावयास शिकविण्याचा यत्न केला, पण तो नीट साधेना. तेव्हां मुलगा मंदबुद्धीचा आहे असा त्याचा ग्रह झाला. प्रश्न विचारावा तर उत्तर देणारें कोणी नाहीं, अशा स्थितींत त्या बाळाचे दिवस घराच्या बागेंत झाडेंझुडपें पाहण्यांत गेले. दहाव्या वर्षीं मामानें त्यास आपल्या घरीं नेलें, तेव्हां कोठें त्यास माया व सवंगडी लाभले.

पुढें त्यानें वनाधिकाऱ्याच्या हाताखालीं उमेदवारी केली. येना येथें विद्यार्थी असतां कर्जापायीं नऊ आठवडे कोठडींतही काढिले. १८०५ सालीं फ्रांकफुर्ट येथें तो शिक्षक झाला आणि आपलें जीवितकार्य त्यास उमगलें. १८०८ पासून दोन वर्षें स्वित्झर्लंडांत पेस्टालोझी या थोर शिक्षकाजवळ राहून त्याची पद्धति त्यानें पाहिली. बर्लिन येथें स्फटिकांचा अभ्यास केला. १८१६ सालीं पांच पुतण्यांना घेऊन शाळा काढली. ती पुढल्याच वर्षीं कैलहाउ येथें नेली.

मोठ्या मुलांस शिकवितां शिकवितां त्याची अशी खात्री झाली कीं, मूल शाळेंत येण्यापूर्वींचीं वर्षें वायां जातात, आणि खरी पेरणी तर त्याच वर्षांत व्हावयाची असते. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, म्हणजे १८३७ सालीं, ब्लांकेनबुर्ग या गांवीं त्यानें नवें काम आरंभिलें. तान्ह्या मुलाकरितां लोंकरीचे सहा रंगांचे मऊ चेंडू. मग लांकडी गोल व घन. मग आठ लहान तुकड्यांचा बनलेला एक घन. या वस्तूंस त्यानें 'देणग्या' असें नांव दिलें. दोरीला बांधलेला चेंडू आई झुलविते, लपविते, पुन्हा दाखविते. तेवढ्यानें बाळ जवळ व दूर, आहे व नाहीं हें शिकतें. घनाचे तुकडे तें वेगळे करतें व पुन्हा जुळवितें. पाहुण्यांपुढें तीन वर्षांच्या मुलाकडून पाढे म्हणवून घेण्याची हौस आमच्याकडे पुष्कळ घरांत दिसते. त्या पाढ्यांपेक्षां हे आठ तुकडे मुलास अधिक गणित शिकवितात, असें आमचें मत आहे.

१८४४ सालीं त्यानें आईनें मुलाबरोबर खेळावयाच्या गाण्यांचें सचित्र पुस्तक प्रसिद्ध केलें. टाळ्या वाजवून भाकर थापण्याच्या खेळांत आई बाळास सांगते कीं, भाजणाऱ्याला पीठ हवें, पीठ गिरणींतून येतें, आणि धान्य शेतांतून. बाळाची दृष्टि अशी मांडीवरून शेतापर्यंत जाते. आईच्या मांडीस मुकलेल्या माणसानें हें पुस्तक रचावें, याचें आम्हांस नेहमीं आश्चर्य वाटत आलें आहे. त्यास स्वतःस अपत्य नव्हतें.

१८४० सालीं आपल्या संस्थेस त्यानें 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हें नांव दिलें. तें नुसतें अलंकारिक नव्हतें. प्रत्येक मुलास स्वतःचा लहानसा वाफा असावा असा त्याचा आग्रह होता. खेड्यांतल्या पोरांबरोबर फेर धरून नाचणाऱ्या या पिकल्या केसांच्या गृहस्थास लोक वेडा म्हणत. त्यानें तिकडे लक्ष दिलें नाहीं. तरुण स्त्रियांस मात्र शिक्षिका करण्याचें काम चालू ठेविलें.

ऑगस्ट १८५१ मध्यें प्रशियाच्या सरकारनें सर्व बालोद्यानें बंद केलीं. तीं मुलांस नास्तिक बनवितात, असा आरोप होता. फ्रोबेलचा पुतण्या कार्ल याच्या एका पुस्तिकेवरून हा घोटाळा झाला होता. वृद्ध चुलत्यानें खुलासा केला, पण तो कोणी ऐकला नाहीं. ज्यानें मुलास फुलापानांतून देवाची ओळख करून देण्यास आयुष्य वेंचलें, तो या कलंकासह ता. २१ जून १८५२ रोजीं मरण पावला. बंदी उठली ती १८६० सालीं. श्वाइना येथें त्याच्या थडग्यावर घन, त्यावर नळकांडें व त्यावर गोल असे दगडी ठोकळे रचलेले आहेत.

तोंवर ही पद्धति जर्मन स्त्रियांनीं परदेशीं नेली होती. अमेरिकेंत पहिलें बालोद्यान १८५६ सालीं निघालें. त्याच देशीं फिलाडेल्फिया येथें १८८६ नंतर आमच्या पंडिता रमाबाई यांनीं तिचा अभ्यास केला, आणि १८८९ सालीं मुंबईस शारदासदन उघडतांना ती विद्या त्या बरोबर घेऊन आल्या होत्या.