पत्रिकेतला हर्षल

आमच्या घरात पत्रिका पाहण्याचा मान आत्याकडे आहे. मी दहावीला असताना तिने माझी पत्रिका पुढे ओढली, बराच वेळ बोटे मोजली आणि माझा हर्षल काही बरा नाही असा निकाल दिला. मुलगा विक्षिप्त निघणार, भलतेसलते छंद लावून घेणार, असे त्या हर्षलाचे म्हणणे होते. छंद लागायचा तो तोवर लागलाच होता. सातवीत असताना एका पाहुण्यांच्या दुर्बिणीतून मी शनीची कडी पाहिली होती, आणि तेव्हापासून आपली स्वतःची एक मोठी दुर्बीण असावी असा ध्यास घेऊन बसलो होतो.

हर्षल हे नाव मला पुष्कळ दिवस संस्कृत वाटत असे. आमच्या वर्गात दोन हर्षल होते. शनी, मंगळ, गुरू यांच्या पंगतीला बसलेला हा कोणी पुराणातला गंधर्व असावा अशी माझी समजूत होती. पुढे ग्रंथालयातल्या एका जुन्या पुस्तकात उलगडा झाला. हा गंधर्व खराच होता, पण पुराणातला नव्हे, जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरातला! ज्या ग्रहाला शाळेच्या पुस्तकात युरेनस किंवा प्रजापती म्हणतात, तो विल्यम हर्शेल याने शोधला. इंग्लंडातही काही काळ त्या ग्रहाला शोधकाच्या नावाने ओळखत. ती प्रथा तिकडे मोडली, आपल्या पंचांगात मात्र टिकली. अशा रीतीने पलटणीच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या एका माणसाचे आडनाव आमच्या आत्याच्या तोंडी आले.

पण या माणसाविषयी मला जी आपुलकी वाटते ती ग्रहामुळे नव्हे. परवडणाऱ्या मोठ्या दुर्बिणीची वाट पाहणाऱ्या आम्हा मंडळींचा तो मूळपुरुष आहे. वाट पाहण्याच्या बाबतीत माझा अनुभव दांडगा आहे. दर दिवाळीला किंमतपत्रक मिळवावे, आठ इंची आरशाच्या दुर्बिणीपुढचा आकडा पाहावा आणि पुढच्या वर्षी उतरेल असे म्हणून ते पत्रक वहीत घालून ठेवावे. अकरावीत आम्ही चौघांनी वर्गणी काढून एक स्वस्त दुर्बीण मागवली. खोक्यावर शनीचे सुंदर रंगीत चित्र होते. तेवढाच शनी आम्हाला दिसला. भिंग प्लॅस्टिकचे, आणि तिवई अशी की शेजारी कोणी शिंकले तरी चंद्र नाचू लागे.

हर्शेलचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ चा. वडील आयझॅक हे हॅनोव्हरच्या पलटणीत ओबो वाजवीत. ओबो म्हणजे आपल्या सनईच्या जातीचे वाद्य. मुलगाही त्याच बँडमध्ये लागला. १७५७ साली हास्टेनबेकच्या लढाईत हॅनोव्हरच्या फौजेचा पराभव झाला आणि विशीही न गाठलेला हा वादक इंग्लंडला निघून गेला. सुरुवातीला लंडनमध्ये त्याने सुरावटींच्या नकला करून पोट भरले. पुढे वादन, शिकवण्या, संगीतरचना असे करीत १७६६ साली तो बाथ या श्रीमंतांच्या हवापालटाच्या गावी ऑक्टॅगन चॅपलचा ऑर्गनवादक झाला. त्याच्या नावावर चोवीस सिंफनी आहेत. एवढ्यावर थांबला असता तरी त्याचे बरे चालले असते.

संगीतातून तो आकाशाकडे कसा वळला ही हकीकत कलाशाखेच्या आम्हा विद्यार्थ्यांना धीर देणारी आहे. स्वरमेळाचे गणित समजावे म्हणून त्याने रॉबर्ट स्मिथ या लेखकाचे पुस्तक वाचले. ते आवडले म्हणून त्याच लेखकाचे प्रकाशशास्त्रावरचे पुस्तक घेतले. त्यात दुर्बिणी कशा करतात ते दिलेले होते. १७७३ साली त्याने जेम्स फर्ग्युसनचे खगोलशास्त्राचे पुस्तक विकत घेतले, आणि मग दिवसभर शिकवण्या करणारा हा पस्तिशीला आलेला गृहस्थ रात्री ही पुस्तके उशाशी घेऊन झोपू लागला.

आधी त्याने भिंगे मागवून दुर्बीण करून पाहिली. त्या काळी भिंगाच्या दुर्बिणीतून चांगले दिसायचे तर ती फार लांब करावी लागे, नाहीतर प्रत्येक ताऱ्याभोवती रंगीत किनार येई. वीस फुटांच्या आसपास लांब पुठ्ठ्याची नळी केली, तर ती मधोमध वाकू लागली. मग पत्र्याची केली. अखेर कंटाळून त्याने दोन फुटी आरशाची एक दुर्बीण भाड्याने आणली, आणि आपल्याला हेच हवे हे त्याच्या ध्यानात आले. मात्र ती लहान होती. दुर्बिणीची खरी ताकद तिच्या नळीत नसून आरसा किती रुंद आहे यात असते. पावसात तांब्या ठेवला तर थोडे पाणी साठते, घंगाळे ठेवले तर पुष्कळ, प्रकाशाचेही तसेच. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली उघडून उघडून सात मिलिमीटर होते. सहा इंची आरसा तिच्या सुमारे पाचशे पट उजेड गोळा करतो. जे मुळीच दिसत नव्हते ते अशाने दिसू लागते.

तेव्हा त्याने लंडनला मोठ्या आरशाची चौकशी केली. उत्तर आले की एवढा आरसा कोणी तयार ठेवीत नाही; करून देऊ, पण किंमत पडेल ती अशी. संगीत शिक्षकाला ती झेपण्यासारखी नव्हती. हे वाचताना माझी वहीतली किंमतपत्रके मला आठवली. फरक इतकाच की हर्शेलने पत्रक वहीत ठेवले नाही. बाथमध्येच एका गृहस्थाला आरसे घासण्याचा नाद होता आणि तो त्याने सोडून दिला होता. हर्शेलने त्याची हत्यारे, साचे आणि अर्धवट राहिलेले आरसे सगळे एकगठ्ठा विकत घेतले.

येथपर्यंतची गोष्ट मुलांसाठी लिहिलेल्या चरित्रांत सापडते. तिच्यात दुसरे एक माणूस आहे. ते तिथे दोन ओळींत आटोपते, म्हणून मी जरा रेंगाळणार आहे.

कॅरोलाइन ही त्याची धाकटी बहीण, १७५० साली जन्मलेली. लहानपणी टायफस झाला आणि तिची वाढ सव्वाचार फुटांवरच खुंटली. हिचे लग्न होणार नाही असे घरच्यांनी धरून ठेवले. मुलीने फार शिकू नये अशी आईची इच्छा, म्हणून धुणे, शिवण आणि स्वयंपाक एवढेच तिच्या वाट्याला आले. १७७२ साली विल्यम तिला बाथला न्यायला आला तेव्हा आईने सहजासहजी सोडले नाही. मुलीच्या जागी मोलकरीण ठेवता यावी म्हणून त्याने आईला वर्षासन बांधून दिले. म्हणजे बहिणीची सुटका पैसे मोजून झाली. ती बाथला आली ती गायिका व्हायला. भाऊ तिला शिकवीत होता, तीही जीव तोडून शिकत होती. कार्यक्रमांत ती प्रमुख गायिका म्हणून उभी राहू लागली. १७७८ साली बर्मिंगहॅमच्या महोत्सवात गाण्याचे तिला बोलावणे आले. भावाच्या संचालनाखेरीज कुठे गाणार नाही असे सांगून तिने ते नाकारले.

आणि भाऊ तर आरसे घासत होता! बैठकीच्या खोलीत सुतार नळ्या आणि घोड्या करीत बसला होता. दुसरा भाऊ अलेक्झांडर याने झोपण्याच्या खोलीत चरक मांडला होता. त्या काळचे आरसे काचेचे नसत. तांबे आणि कथील वितळवून धातूची चकती ओतायची आणि मग तिला घासून खोलगट आणि चकचकीत करायचे. घासणे म्हटले की आपल्याला भांडी आठवतात. येथे केसाच्या जाडीचा पाचशेवा हिस्सा इतकीही चूक चालत नाही; तारा फिसकटतो. शेवटचा हात देताना मध्येच थांबले तर आकार बिघडेल या भीतीने विल्यम एकदा सलग सोळा तास आरशावरून हात न उचलता काम करीत राहिला. कॅरोलाइन त्याच्या तोंडात घास भरवीत होती. एरवी कामाचा शीण वाटू नये म्हणून ती त्याला डॉन किहोते किंवा अरबी कथा वाचून दाखवी. गाण्याचा रियाज राहून जात होता. पुढे लिहिलेल्या आठवणींत तिने याबद्दल फार कुरकूर केलेली नाही, पण ती गोष्ट लिहून ठेवायला ती विसरलेलीही नाही.

या खटाटोपातून तयार झालेल्या सात फुटी दुर्बिणीचा आरसा सहा इंचांहून किंचित मोठा होता. न्यू किंग स्ट्रीटवरच्या १९ क्रमांकाच्या घरामागे लहानशी बाग होती. १३ मार्च १७८१ च्या रात्री दहा-अकराच्या सुमाराला हर्शेल तेथे मिथुन राशीच्या बाजूचे तारे एकेक करून तपासत होता. त्यातला एक तारा त्याला जाडसर वाटला. त्याने नेत्रिका बदलून अधिक शक्तीची लावली, मग त्याहून अधिक. तारा कितीही मोठा करून पाहिला तरी बिंदूच राहतो. हा मात्र फुगत गेला. चार रात्रींनी पाहिले तर तो जागेवरून सरकला होता. धूमकेतू असावा असे त्याला वाटले आणि तसेच त्याने कळवले. गणितज्ञांनी कक्षा मांडली तेव्हा हा शनीच्या दुप्पट अंतरावरचा ग्रह आहे हे उघड झाले. प्राचीन काळापासून पाचच ग्रह माहीत होते. सहावा सापडला तो परसातल्या घरगुती दुर्बिणीला. याआधी कित्येकांनी त्याला पाहिले होते. फ्लॅमस्टीडने तर १६९० सालीच तारा म्हणून त्याची नोंद केली होती. १७८२ साली हर्शेलची दुर्बीण ग्रिनिचच्या राजवेधशाळेत नेऊन तिथल्या दुर्बिणींशी ताडून पाहिली, तेव्हा तीच सरस ठरली.

ग्रह सापडला त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याने तीन फूट रुंदीचा आरसा घरीच ओतायचा घाट घातला. साचा घोड्याच्या लिदीचा. ती खलात कुटून चाळणीने चाळायचे काम अर्थात कॅरोलाइनकडे. पहिला आरसा निवताना तडकला. दुसऱ्या वेळी भट्टी गळली आणि तापलेला रस फरशीवर वाहू लागला. फरशीचे दगड फुटून छतापर्यंत उडाले. दोघे भाऊ आणि मजूर दाराबाहेर पळाले, आणि विल्यम विटांच्या ढिगाऱ्यावर जाऊन पडला.

पुढचे थोडक्यात सांगतो. राजा तिसरा जॉर्ज याने त्याला वर्षाला दोनशे पौंड लावून दिले. संगीताच्या कमाईपेक्षा ही रक्कम कमी होती, तरी त्याने शिकवण्या सोडल्या. खर्च भागावा म्हणून तो दुर्बिणी करून विकू लागला. वीस फुटी दुर्बिणीने त्याने अडीच हजारांच्या आसपास तेजोमेघ आणि तारकागुच्छ नोंदवले. तो वर उभा राहून सांगे आणि कॅरोलाइन खाली बसून लिहून घेई. १७८३ च्या शेवटच्या रात्री बर्फात घाईने धावताना दुर्बिणीचा लोखंडी आकडा तिच्या मांडीत घुसला. राजाच्या चार हजार पौंडांतून स्लाव येथे चाळीस फुटी दुर्बीण उभी राहिली, तिचा आरसा चार फूट रुंद होता. १७८९ मध्ये शनीचे दोन नवे उपग्रह दिसले, पण ते अवजड धूड हलवायला माणसे लागत, आरसा लवकर काळवंडे, आणि हर्शेल पुन्हा आपल्या वीस फुटीकडेच वळे. दुर्बीण मोठी हवी हे खरे, पण रोज वापरता येईल इतकीच मोठी हवी, असे मला यावरून वाटते.

कॅरोलाइननेही हळूहळू स्वतः आकाश पाहायला घेतले. १७८६ ते १७९७ या काळात तिने आठ धूमकेतू शोधले. १७८७ पासून तिला स्वतःचे पन्नास पौंड वेतन मिळू लागले. १७८८ साली भावाने लग्न केले. तिने घर सोडले आणि त्यानंतरच्या काही वर्षांच्या रोजनिशा पुढे नष्ट करून टाकल्या. त्यांत काय असेल याचा अंदाज करण्याचे धाडस मला होत नाही. हर्शेल २५ ऑगस्ट १८२२ ला वारला, चौऱ्याऐंशीच्या उंबरठ्यावर. त्याच्या ग्रहालाही सूर्याभोवती एक फेरी करायला चौऱ्याऐंशी वर्षेच लागतात. कॅरोलाइन हॅनोव्हरला परतली आणि १८४८ साली ९७ व्या वर्षी गेली.

आज आरसे काचेचे असतात आणि त्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा देतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉन डॉब्सनने तर पुठ्ठ्याच्या नळ्या आणि प्लायवूडचे खोके घेऊन मोठ्या दुर्बिणी करायला सामान्य माणसांना शिकवले. तो २०१४ साली वारला. पुण्याच्या आयुकात आरसे घासण्याच्या कार्यशाळा झाल्या आहेत, आणि तिथे शिकून आलेले एक सर आमच्या माहितीचे आहेत. त्यांच्या भरवशावर यंदाच्या मे महिन्यात मी सहा इंची आरसा घासायला घेणार आहे. काचेच्या दोन चकत्या आणि कार्बोरंडमची पूड आणून ठेवली आहे.

त्या कशा आल्या हे लिहायचे मी टाळत होतो. आमची ताई संध्याकाळी शिकवण्या करते आणि त्या पैशांतून गाण्याच्या क्लासची फी भरते. गेले तीन महिने ती क्लासला गेली नाही. वेळ होत नाही असे ती म्हणत होती आणि मी ते मान्य करून मोकळा झालो होतो. हर्शेलचे चरित्र वाचत होतो म्हणून विचारले, नाहीतर विचारले नसते. शेवटी किंमतपत्रकांची रद्दी, ती प्लॅस्टिकची दुर्बीण आणि माझी सायकल यांपैकी जे विकण्यासारखे होते ते विकून मी फी भरून आलो. ताई रागावली. मग तिने चकत्या हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या आणि आरसा घासायचा तर एक आड एक दिवस ती घासणार, आणि तिच्या दिवशी पुस्तक मी वाचून दाखवायचे, असे ठरवून टाकले. आत्याने तिचीही पत्रिका काढली आहे. तिचा हर्षल माझ्यापेक्षाही वाईट आहे म्हणतात.