भाषाप्रभू राम गणेश गडकरी आणि त्यांचा ‘एकच प्याला’

आपल्या ज्ञातीत ज्या पुरुषांनी महाराष्ट्राच्या सारस्वतात अढळपद मिळविले, त्यांत कै. राम गणेश गडकरी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांच्याविषयी स्मरणिकेत यापूर्वीही पुष्कळ लिहिले गेले असेल. तरीही यंदा आम्ही पुन्हा त्यांचेच चरित्र हाती घेत आहोत, आणि त्यास एक विशेष कारण आहे. ज्या विषयावर त्यांनी आपले सर्वश्रेष्ठ नाटक लिहिले, तो विषय आज आपल्या घरांच्या उंबरठ्याच्या आत येऊन बसला आहे.

गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातेत नवसारी येथे झाला. बालपण गुजराती मुलखात गेले आणि वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. पुढे कुटुंब महाराष्ट्रात आले व रामाचे शिक्षण पुण्यास झाले. जो पुढे मराठी भाषेचा प्रभू म्हणून ओळखला गेला, त्याच्या कानांवर प्रथम गुजरातीचे संस्कार झाले ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मॅट्रिक होऊन ते फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले, परंतु तेथील अभ्यासक्रम त्यांच्या हातून पुरा झाला नाही. त्यांचा ओढा रंगभूमीकडे होता. किर्लोस्कर नाटक मंडळीत ते शिरले, तेथील मुलांना शिकविण्याचे काम त्यांनी केले आणि पडद्याआडून नाटक कसे उभे राहते ते डोळसपणे पाहिले. महाविद्यालयाने जे दिले नसते ते या बिऱ्हाडाने त्यांना दिले, असे आमचे मत आहे.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांना त्यांनी गुरुस्थानी मानले. कोल्हटकरांची कोटिबाज विनोदशैली गडकऱ्यांनी आत्मसात केली आणि ‘बाळकराम’ या नावाने विनोदी लेख लिहिले. कविता लिहिताना ते ‘गोविंदाग्रज’ होत. ‘वाग्वैजयंती’ हा त्यांचा काव्यसंग्रह त्यांच्या मृत्यूनंतर १९२१ साली प्रसिद्ध झाला. ‘प्रेमसंन्यास’ १९१२ साली व ‘पुण्यप्रभाव’ १९१६ साली रंगभूमीवर आले. ‘भावबंधन’ त्यांनी अखेरच्या आजारात पुरे केले, आणि ‘राजसंन्यास’ व ‘वेड्यांचा बाजार’ ही दोन नाटके अपुरीच राहिली. जेमतेम दहा-बारा वर्षांचे लेखन, तेही अस्थिर संसारात व बिघडत्या प्रकृतीत केलेले! त्यांच्या राहणीविषयी व विक्षिप्तपणाविषयी आख्यायिका पुष्कळ प्रचलित आहेत. त्या आम्ही येथे देत नाही, कारण त्यांनी करमणूक होईल, चरित्र होणार नाही.

आता ‘एकच प्याला’कडे वळू. मद्यपान हा विषय मराठी रंगभूमीस नवा नव्हता. कोल्हटकरांच्या ‘मूकनायका’तही तो येऊन गेला होता. परंतु गडकऱ्यांनी तो ज्या ठिकाणी नेऊन ठेवला ते ठिकाण वेगळे होते. त्यांचा सुधाकर गुत्त्यात पडून राहणारा अडाणी मनुष्य नाही. तो बुद्धिमान, मानी व कर्तबगार वकील आहे. साध्वी सिंधू त्याची पत्नी आहे, रामलालसारखा जिवलग मित्र आहे, घरात तान्हे मूल आहे. न्यायालयातील अपमानाचा व सनद गेल्याचा सल त्यास असह्य होतो, आणि त्या क्षणी त्याच्याच पदरचा कारकून तळीराम दुःखविस्मृतीचा उपाय म्हणून प्याला पुढे करतो. तेथून नाटक उताराला लागते. शेवटी मद्याच्या धुंदीत सुधाकराच्या हातून मूल जाते, सिंधू प्राणांतिक जखमी होते व पतीवर आळ येऊ न देता डोळे मिटते, आणि सुधाकर स्वतः विष घेतो.

गडकऱ्यांच्या निरीक्षणशक्तीचा आम्हांस सर्वांत अचंबा वाटतो तो सुधाकराच्या व्यसनाच्या अवस्था सांगणाऱ्या भागात. आरंभी सोडता येते तेव्हा सोडण्याची गरज भासत नाही, आणि गरज भासू लागते तेव्हा शरीर व मन दोन्ही ऐकेनासे होतात, हे त्यांनी नाटकात दाखविले. व्यसन ही केवळ नीतीची दुर्बलता नसून मेंदूत व शरीरात घडणारा बदल आहे, हे वैद्यकशास्त्र आज सांगते. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने एकाएकी मद्य तोडल्यास हातापायांना कंप सुटतो, फेफऱ्यासारखे झटके येतात, भ्रम होतो, व प्रसंगी प्राणही जातो. म्हणून ज्या घरात असा रुग्ण असेल, तेथील मंडळींनी बाटली फोडून त्यास खोलीत कोंडण्याचा पराक्रम करू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच मद्य सोडवावे.

इतके कबूल करूनही एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आम्हांस प्राप्त आहे. ‘एकच प्याला’ने महाराष्ट्राच्या मनावर मद्यपीचे जे चित्र कोरले, ते संसाराच्या राखरांगोळीचे चित्र आहे. त्यात अब्रू जाते, पैसा जातो, बायको फाटक्या लुगड्यात दळण दळते. सुधाकर मरतो तो विषाने, यकृताच्या विकाराने नव्हे. रोग त्या नाटकात येतो तो तळीरामाच्या वाट्याला, आणि तेथे वैद्य व डॉक्टर यांची जुंपते तेव्हा प्रेक्षागृह हसत असते. नाटककाराचा यात दोष नाही. त्यास शोकांतिका लिहावयाची होती, वैद्यकाचा ग्रंथ नव्हे. परंतु परिणाम असा झाला की आमच्यापैकी जो गृहस्थ नोकरी चोख करतो, मुलांची फी वेळेवर भरतो, कधी तोल जाऊ देत नाही, तो स्वतःस सुधाकराशी ताडून पाहतो आणि निर्धास्त होतो. रोग मात्र अब्रूदार व बेअब्रू असा भेद करीत नाही.

गंमत अशी की, नाटक रंगभूमीवर आले त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १८१९ साली, लेनेक या फ्रेंच वैद्याने यकृताच्या त्या कठीण, गाठाळ विकारास ‘सिरोसिस’ हे नाव दिले होते. त्याची रीत आज चांगली ठाऊक आहे. पोटात गेलेले मद्य मुख्यतः यकृतात मोडले जाते. प्रथम यकृतात चरबी साठते, आणि या टप्प्यावर बहुधा काहीच त्रास होत नाही. मद्य सोडल्यास ही चरबी उतरू शकते. न सोडल्यास काहींच्या यकृतास दाह होतो, तेथे निबर तंतू माजतात व यकृत आक्रसते. मग कावीळ, पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी ही लक्षणे येतात. आमच्या आजीपणजींना जो जलोदर ठाऊक होता, त्याच्या कारणांपैकी हे एक ठळक कारण. दुखू लागेपर्यंत थांबणाऱ्यास यकृत पुष्कळदा उशिरा कळविते, एवढे ध्यानात असावे.

यकृतापुरतेच हे थांबते असेही नाही. मद्याचे विघटन होताना ॲसिटाल्डिहाइड नावाचे विषारी द्रव्य तयार होते आणि ते पेशींतील आनुवंशिक द्रव्यास इजा करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्य हे मनुष्यास निश्चितपणे कर्करोगकारक ठरविले, म्हणजे तंबाखूच्याच पंक्तीस बसविले. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे व स्त्रियांचे स्तन या ठिकाणच्या कर्करोगांचा धोका मद्याने वाढतो. तंबाखू आणि मद्य ही जोडी एकत्र आली तर तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेने नव्हे, तर त्याहून अधिक चढतो. भगिनीवर्गासाठी एक आकडा मुद्दाम देतो. रोज सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क पोटात जात असेल, तर स्तनांच्या कर्करोगाचा धोका न पिणाऱ्या स्त्रीच्या मानाने सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. १० ग्रॅम म्हणजे किती? व्हिस्कीचा ३० मिलिलिटरचा लहान पेग. आणि ज्या बिअरला आमची तरुण मंडळी सरबताच्या जातीची समजतात, तिच्या ६५० मिलिलिटरच्या ८ टक्क्यांच्या एका बाटलीत अशा चार पेगांइतका मद्यार्क असतो!

हृदयाचे काय, असा प्रश्न येथे हटकून येतो. रात्री एक घोट घेतला तर हृदयास बरे, असे डॉक्टरच सांगतात म्हणे! काही वर्षांपूर्वीपर्यंत तशी समजूत वैद्यकातही होती, हे खरे. थोडे पिणाऱ्यांत हृदयविकार न पिणाऱ्यांहून कमी दिसतो, असे पुष्कळ पाहण्यांत आढळले होते. परंतु न पिणाऱ्यांच्या त्या गटात प्रकृती ढासळल्यामुळे मद्य सोडलेली माणसेही मोजली गेली होती, आणि थोडे पिणारे पुष्कळदा सुस्थितीतले, चांगल्या आहाराचे लोक होते. २०१९ साली चीनमधील सुमारे पाच लाख लोकांवरील एका अभ्यासात आनुवंशिक लक्षणांच्या आधारे हा घोळ टाळून पाहिले, तेव्हा थोड्या मद्याने पक्षाघातापासून संरक्षण मिळते हे काही आढळले नाही. मद्याच्या प्रमाणाबरोबर रक्तदाब आणि पक्षाघाताचा धोका चढतच गेला. अति मद्याने हृदयाचे स्नायू दुबळे होतात व ठोके अनियमित पडतात, ते वेगळेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत असे जाहीर केले की, प्रकृतीस पूर्णतः निर्धोक असे मद्याचे कोणतेही प्रमाण दाखविता येत नाही. तिच्याच हिशेबाप्रमाणे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे २६ लक्ष मृत्यू मद्यामुळे झाले.

यावर कोणी म्हणेल की एका प्याल्याने लगेच कर्करोग होतो काय? नाही. थोडे पिणाऱ्याचा धोका थोडा, फार पिणाऱ्याचा फार, हा हिशेब सरळ आहे आणि उगाच बागुलबुवा उभा करण्यात आम्हांस रस नाही. पण धोका पहिल्या प्याल्यापासून मोजावयास लागतो, हे आज मोजमापाने सिद्ध झाले आहे. गडकऱ्यांनी नाटकाच्या नावातच तो प्याला मोजून एकच ठेवला, तेव्हा त्यांच्यापाशी यातला एकही आकडा नव्हता.

आमच्या ज्ञातीच्या पाहुणचाराचा लौकिक मोठा आहे. ताटातील पदार्थांची संख्या व यजमानाचा आग्रह यांची ख्याती इतर ज्ञातींतही आहे, आणि तिचा आम्हांस अभिमान आहे. परंतु अलीकडे साखरपुड्याच्या व बारशाच्या निमित्तानेदेखील एका बाजूस वेगळे टेबल मांडले जाते, आणि तिकडे न जाणाऱ्या तरुणास मागासलेला ठरविले जाते. तळीरामाने स्थापलेले ‘आर्यमदिरामंडळ’ हा गडकऱ्यांनी केलेला उपहास होता. त्याची शाखा आपल्या मंगलकार्यात उघडावी, अशी त्यांची सूचना खचित नव्हती! पिणे न पिणे हा ज्याचा त्याचा प्रश्न असेल. आग्रह करणे हा मात्र यजमानाचा प्रश्न आहे, आणि वरील आकडे वाचल्यावर तो आग्रह कसला आहे हे यजमानाने ठरवावे.

गडकऱ्यांना आपले हे नाटक रंगभूमीवर पाहावयास मिळाले नाही. प्रकृती खालावल्यावर ते नागपूरजवळ सावनेर येथे आपल्या बंधूंकडे गेले आणि तेथेच २३ जानेवारी १९१९ रोजी दीर्घ आजारात त्यांचे देहावसान झाले. वयाची चौतीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास ‘एकच प्याला’चा प्रयोग केला. पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. सुधाकर गणपतराव बोडसांनी उभा केला, आणि भरजरी शालूंसाठी ज्यांची ख्याती होती ते बालगंधर्व सिंधूच्या वेषात ठिगळे लावलेले लुगडे नेसून आले. पुढे कित्येक वर्षे महाराष्ट्र ते पाहून रडला. १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला, त्याआधी तीस वर्षे हे नाटक लोकांच्या मनात ते काम करीत होते. कायद्याने पुढे किती साधले, हा प्रश्न निराळा.

त्या नाटकातील आणखी एका पात्राकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. भगीरथ हा प्रेमभंगाने मद्याच्या आहारी गेलेला तरुण आहे, आणि रामलालच्या सहवासाने तो त्यातून बाहेर पडतो, समाजकार्यास लागतो व अखेरपर्यंत जिवंत राहतो. सिंधू-सुधाकरांच्या आक्रोशात तो झाकला जातो. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ ही व्यसनमुक्तीची संस्था उभी केली. तेथून आजवर कितीतरी भगीरथ आपापल्या घरी परतले आहेत. आपल्यापैकी कोणाच्या घरी असा मनुष्य असेल, तर ते लपविण्यात काळ न दवडता अशा ठिकाणाचा पत्ता ज्ञातिबांधवांनी एकमेकांस सांगावा, अशी आमची विनंती आहे.