संतशिरोमणी श्री नामदेव महाराज : चरित्र आणि समाधीचे अभंग

देवदर्शनास येणाऱ्या भाविकांत नवस फेडण्यासाठी आनंदाने येणारे पुष्कळ असतात, तसेच घरातील माणसाच्या वियोगाचे दुःख उराशी घेऊन येणारेही असतात. कार्यालयात अन्नदानाची देणगी देताना पावतीवर दिवंगत मातापित्यांचे, कधी अकाली गेलेल्या अपत्याचे नाव सांगावे लागते आणि सांगणाऱ्याचा कंठ दाटून येतो. अशा दुःखितांना गेली अनेक शतके ज्या वाणीने धीर दिला, त्या श्री नामदेवरायांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहोत.

जन्म व बालपण

नामदेवरायांचा जन्म शके ११९२, म्हणजे इ. स. १२७० मध्ये कार्तिक शुद्ध एकादशीस झाला. वडील दामाशेटी व आई गोणाई. व्यवसाय शिंप्याचा. घराण्याचे मूळ गाव हिंगोली जिल्ह्यातील नरसी असून त्यांचे बालपण पंढरपुरात गेले. देवाने नैवेद्य प्रत्यक्ष खावा म्हणून हट्ट धरून बसलेल्या बाळ नाम्याची कथा घरोघरी ठाऊक आहे. पुढे राजाईशी विवाह झाला. नारा, विठा, गोंदा व महादा असे चार पुत्र झाले. संत जनाबाई याच घरात वाढल्या. संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे मारून मडक्यांप्रमाणे संतांची परीक्षा घेतली आणि नामदेव कच्चे ठरले. त्यानंतर औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडून त्यांना गुरूपदेश झाला, असे परंपरा सांगते.

श्री ज्ञानदेवांचा वियोग

ज्ञानेश्वर माउलींसह नामदेवरायांनी तीर्थयात्रा केली. तिचे वर्णन त्यांच्या नावावरील तीर्थावळीच्या अभंगांत आहे. यात्रेनंतर माउलींनी समाधी घेण्याचा निश्चय केला आणि शके १२१८, इ. स. १२९६ मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीस आळंदी येथे त्यांनी संजीवन समाधी घेतली. माउलींचे वय एकवीस, नामदेवांचे सव्वीस. त्यानंतर वर्षाच्या आतच सोपानदेव सासवड येथे, मुक्ताई तापीतीरी आणि निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वर येथे निजधामास गेले. चारही भावंडांचा वियोग नामदेवांना सोसावा लागला.

या प्रसंगांवरील अभंग नामदेव गाथेत समाधी या प्रकरणात आहेत. नामा ही मुद्रा पुढे इतर कवींनीही घेतली, त्यामुळे गाथेतील काही रचना उत्तरकालीन असाव्यात, असे अभ्यासक मानतात; तथापि वारकऱ्यांच्या मनात हे अभंग नामदेवरायांचेच आहेत. या अभंगांचे वैशिष्ट्य असे, की माउलींना न्यावयास येथे यमदूत, पाश किंवा रेडा येत नाही. रुक्मिणीमातेसह स्वतः पांडुरंग आळंदीस येतात. एकादशीचा जागर होतो, द्वादशीचे पारणे होते. नामदेवांचे पुत्र समाधीची जागा झाडून स्वच्छ करतात. मग देव आणि सद्गुरू निवृत्तिनाथ ज्ञानदेवांचा हात धरून त्यांना आसनावर बसवितात. सासरी निघालेल्या लेकीची पाठवणी व्हावी, तसा हा सारा सोहळा आहे. निरोप देणाराही देवच आणि पलीकडे जवळ घेणाराही देवच.

तरीही हे अभंग दुःख झाकीत नाहीत. ज्यांनी ज्ञानदेवांना उपदेश केला ते निवृत्तिनाथ येथे शोकाकुल होतात, सोपान-मुक्ताई रडतात आणि ज्यांच्याशी देव बोलत असे ते नामदेवही धाय मोकलून रडतात. देव त्यांच्या रडण्याचा राग मानीत नाही. जवळ बसून समजूत घालतो. रडणे म्हणजे भक्तीतील उणीव, असे मानून मनातल्या मनात खंतावणाऱ्या भाविकांनी हा प्रसंग अवश्य ध्यानी घ्यावा. आळंदीस आजही कार्तिक वद्य त्रयोदशीस नामदेवरायांच्या वंशपरंपरेतील नामदास घराण्याचे समाधीचे कीर्तन होते आणि ते ऐकताना श्रोत्यांचे डोळे पाणावतात.

चोखोबांच्या अस्थी

सर्वच संतांच्या वाट्यास असा सोहळा आला नाही. शके १२६०, इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि संत चोखामेळा इतर मजुरांसह तिच्याखाली गाडले गेले. नामदेवराय तेथे गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, असे ओळखून त्यांनी त्या पंढरीस आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, अशी परंपरा आहे. जिवंतपणी ज्यांना मंदिरात प्रवेश नव्हता, त्यांना नामदेवांनी देवाच्या दारी विसावा दिला. त्यांच्या समाजबांधवांना मात्र विठ्ठलमंदिर खुले होण्यास, साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साल उजाडावे लागले.

उत्तरेतील कार्य व समाधी

माउलींच्या पश्चात नामदेवराय चौपन्न वर्षे जगले. दुःख कवटाळून न बसता त्यांनी कीर्तनाच्या रंगी भागवत धर्माचा प्रसार पंजाबपर्यंत केला. श्री गुरुग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदे समाविष्ट आहेत. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे स्मारक मंदिर असून पंजाबातील भाविक त्यांचे निर्वाण तेथेच झाले असे मानतात. याच घुमानला २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते.

महाराष्ट्रातील परंपरेनुसार शके १२७२, इ. स. १३५० मध्ये आषाढ वद्य त्रयोदशीस, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांनी पंढरपूरच्या महाद्वारी पायरीखाली समाधी घेतली. संतांची चरणधूळ आपल्या मस्तकी पडावी, एवढीच त्यांची इच्छा होती. तीच नामदेव पायरी होय. वारकरी तिच्यावर पाय न ठेवता तिला वंदन करून पुढे जातात.

पंढरीस जाणाऱ्या भाविकांनी त्या पायरीशी क्षणभर थांबावे. आपले जे कोणी पुढे गेले असतील, त्यांचाही हात त्याच मायाळू हाताने धरला असेल, हा विश्वास मनी बाळगून दर्शन घ्यावे, ही नम्र विनंती.

॥ रामकृष्णहरी ॥