ज्योतिर्विद शंकर बाळकृष्ण दीक्षित

सूर्य उगवतो व मावळतो, चंद्र वाढतो व क्षय पावतो, हे दृश्य मनुष्य आदिकाळापासून पाहत आला आहे. परंतु जे दिसते त्याचा अर्थ काय, ह्याविषयीची त्याची समजूत युगायुगांत पालटत गेली. पृथ्वी सपाट आहे असे एके काळी लोक मानीत. पुढे ती गोल परंतु स्थिर मानली गेली. आणि अखेर ती सूर्याभोवती फिरणारा एक लहानसा ग्रह आहे, हे सिद्ध झाले. ज्ञानाच्या ह्या प्रवासात आपल्या देशाने कोणती वाटचाल केली, ह्याचा सांगोपांग इतिहास मराठीत लिहिणारा पुरुष कोणी वेधशाळेचा अधिकारी नव्हता, की पदवीधर पंडितही नव्हता. तो एक शाळामास्तर होता. त्याचे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित.

दीक्षितांचा जन्म इ. स. १८५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीनजीकच्या मुरूड गावी झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांचेही गाव हेच. घरची स्थिती साधारण असल्यामुळे उच्च शिक्षणाचा मार्ग त्यांस मोकळा नव्हता. गावच्या शाळेतील शिक्षण आटोपल्यावर त्यांनी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा केला व पुढे मॅट्रिक्युलेशनची परीक्षा दिली. त्यांच्या शालेय विद्येची सीमा एवढीच. त्यानंतरचे सर्व आयुष्य रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि पुणे अशा ठिकाणी अध्यापनात गेले. दिवसा शाळा, आणि शाळेतून उरलेल्या वेळी संस्कृत ज्योतिषग्रंथ, गणित व आकाशाचे निरीक्षण, असा त्यांचा क्रम होता.

त्या काळची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. कोपर्निकसाचा ग्रंथ इ. स. १५४३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. गॅलिलिओने १६१० मध्ये दुर्बिणीतून गुरूचे चार उपग्रह पाहिले होते. न्यूटनने १६८७ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडला होता. आणि दीक्षितांच्या जन्मापूर्वी सातच वर्षे, १८४६ मध्ये, नेपच्यूनचा शोध लागला होता. इकडे आपली पंचांगे मात्र शेकडो वर्षांपूर्वीच्या ग्रंथांवरून तयार होत. गणेश दैवज्ञाचा ग्रहलाघव हा इ. स. १५२० चा ग्रंथ महाराष्ट्रात घरोघरच्या पंचांगाचा आधार होता. तो आपल्या काळी उत्तम होता. परंतु मूळच्या मानात लवमात्र चूक असली तरी ती शतकानुशतके साठत जाते, आणि मग ग्रहणाची पंचांगातील वेळ व आकाशातील वेळ जुळेनाशी होते. केरो लक्ष्मण छत्रे ह्यांनी १८६० मध्ये ग्रहसाधनाची कोष्टके प्रसिद्ध करून ही उणीव दूर करण्याचा मार्ग दाखविला होता. त्या मार्गाने पुढे गेलेल्यांत दीक्षित अग्रगण्य होत.

ठाण्यास असता त्यांचा जनार्दन बाळाजी मोडक ह्यांच्याशी स्नेह जडला. विसाजी रघुनाथ लेले, मोडक आणि दीक्षित ह्या मंडळींच्या खटपटीने शके १८०६, म्हणजे इ. स. १८८४, पासून सायन पंचांग निघू लागले. हा वाद काय होता, हे विद्यार्थ्यांस एका उदाहरणाने समजेल. आपण मकरसंक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस करतो. परंतु सूर्य उत्तरेकडे वळू लागतो तो सुमारे २२ डिसेंबरास. हे अंतर का पडले? सूर्यसिद्धान्तातील वर्ष ३६५ दिवस ६ तास १२ मिनिटे ३६ सेकंदांचे आहे, आणि ऋतूंचे वर्ष ३६५ दिवस ५ तास ४८ मिनिटे ४६ सेकंदांचे. हा फरक वर्षाला सुमारे २४ मिनिटांचा, म्हणजे ६० वर्षांत एक दिवसाचा होतो. असेच चालू राहिले तर वसंत ऋतूचे सण कालांतराने ग्रीष्मात व वर्षाकाळात जातील. म्हणून महिने ऋतूंशी बांधलेले असावेत, असे सायनवाद्यांचे म्हणणे होते. लोकांनी ते मानले नाही. जुनी परंपरा मोडते अशी शंका सामान्य जनांस येई, आणि पंडितांतही मतभेद होते. तरी दीक्षितांनी न चिडता, गणिताच्या आधारे, आपला पक्ष मांडणे सोडले नाही.

त्यांच्या विद्वत्तेची ओळख हळूहळू दूरवर पोहोचली. जॉन फेथफुल फ्लीट हे गुप्त राजांच्या शिलालेखांचा अभ्यास करीत होते. गुप्त संवत् कोणत्या वर्षी सुरू झाला, ह्याविषयी विद्वानांत मोठा वाद होता. मध्य हिंदुस्थानातील एरण येथील बुधगुप्ताच्या स्तंभलेखात गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा उल्लेख आहे. ती तिथी २१ जून ४८४ ह्या गुरुवारी पडते, हे दीक्षितांनी गणिताने दाखविले. पुढे रॉबर्ट स्यूएल ह्यांच्यासह त्यांनी भारतीय कालगणनेवर इंग्रजीत ग्रंथ रचला व तो १८९६ मध्ये लंडनास छापला गेला.

सामान्य वाचकांसही ते विसरले नाहीत. १८९२ सालच्या ज्योतिर्विलास ह्या पुस्तकात त्यांनी सूर्यमालेची व तारांगणाची माहिती इतक्या सोप्या व रसाळ मराठीत दिली की, आकाश पाहणे ही रात्रीची करमणूकच होऊन बसली. परंतु त्यांचे चिरंतन स्मारक म्हणजे १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेला भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास. वेदकाळी लोकांस नक्षत्रांविषयी काय ठाऊक होते, वेदांगज्योतिषात पाच वर्षांचे युग कसे मानले आहे, पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे पाचव्या शतकाच्या अखेरीस सांगणारा आर्यभट कोण, आणि इ. स. ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी लिहिणाऱ्या भास्कराचार्याने पृथ्वी निराधार असूनही स्थिर का मानली, हे सर्व त्यात मूळ ग्रंथ तपासून लिहिलेले आहे. कित्येक युरोपीय विद्वान म्हणत की आपले ज्योतिष सर्वस्वी ग्रीकांपासून घेतलेले आहे. आणि आपल्यातील कित्येक म्हणत की सर्व विद्या आपलीच आहे. दीक्षितांनी ग्रहगणितातील स्वदेशी परिश्रमांचे श्रेय आग्रहाने मांडले. परंतु सात वार मूळचे आपले नव्हेत, हेही निःसंकोच लिहिले. स्वदेशाभिमान व सत्यनिष्ठा ह्यांचा असा मेळ क्वचितच आढळतो.

त्यांचा एक शोध तर विद्यार्थ्यांस आपल्या बीबी गावीच पडताळून पाहता येईल. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, अशा अर्थाचे विधान शतपथब्राह्मणात आहे. आज कार्तिक महिन्यात सायंकाळी क्षितिजाकडे पाहिल्यास कृत्तिका ठीक पूर्वेस उगवत नाहीत, सुमारे २५ अंश उत्तरेकडे उगवतात. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याच्या अक्षाप्रमाणे डुलत असून त्याचे एक आवर्तन सुमारे २६ हजार वर्षांत पुरे होते, म्हणून तारकांची उगवण्याची जागा सावकाश बदलते. ह्यावरून मागे गणित करीत दीक्षितांनी ते विधान इ. स. पूर्वी सुमारे ३००० वर्षांचे ठरविले. हा अर्थ सर्व विद्वानांनी मान्य केलेला नाही. परंतु जुन्या शब्दांस आकाशाच्या साक्षीने तपासण्याची ही रीत कोणासही मोलाचीच वाटेल.

२० एप्रिल १८९८ रोजी पुण्यात दीक्षित निवर्तले. वय पंचेचाळिशीच्या आतच होते. त्यांच्या महाग्रंथाची पुढे हिंदीत व इंग्रजीत भाषांतरे झाली. मेघनाद साहा ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारने जी राष्ट्रीय दिनदर्शिका चालू केली, तिचे वर्ष सायन आहे, ऋतूंशी बांधलेले आहे. सणवार अद्याप जुन्या निरयन गणनेनेच होतात. तथापि दीक्षितांच्या हयातीत लोकांस जे विचित्र वाटले, ते त्यांच्यामागे ५९ वर्षांनी राज्यमान्य झाले.

दीक्षितांच्या काळी ज्ञात असलेले विश्व आजच्या मानाने फारच लहान होते. आकाशगंगेबाहेर दुसऱ्या दीर्घिका आहेत, हे १९२४ नंतर निश्चित झाले. १९३० मध्ये सापडलेला प्लूटो नववा ग्रह म्हणविला गेला व २००६ मध्ये त्या पंक्तीतून उठविला गेला. आपल्याच तालुक्यातील लोणारचे सरोवर फार दिवस ज्वालामुखीचे कार्य मानले जाई. ते उल्कापाताने झाले, हे तेथील खडकांच्या परीक्षणावरून विसाव्या शतकात सिद्ध झाले. ज्ञान असे सतत सुधारत असते, आणि ते सुधारण्यास मोठी पदवी, मोठे शहर किंवा मोठी दुर्बीण असलीच पाहिजे असे नाही. जे वाचले ते ताडून पाहावे, जे दिसले ते प्रामाणिकपणे टिपून ठेवावे, आणि लोकांस रुचो वा न रुचो, सिद्ध झालेली गोष्ट सौम्यपणे सांगावी, हा दीक्षितांच्या चरित्राचा बोध आहे. पालकांनीही मुलांनी रात्री अंगणात उभे राहून काही विचारल्यास त्यांस गप्प न बसविता, त्यांच्यासह क्षणभर वर पाहावे. मुरूडच्या एका मुलाने असेच वर पाहिले होते.