कोळशाच्या खाणीत उतरलेले डॉ. आंबेडकर

नांदेडवरून वाहत जाणारी गोदावरी पुढे तेलंगणात शिरते, तेथे तिच्या खोऱ्यातील भूमीच्या पोटात दगडी कोळसा आहे. येल्लंदूजवळ तो १८७१ साली सापडला, आणि निजामाच्या ज्या राज्यात त्या काळी नांदेड व लातूर मोडत होते, त्याच राज्यात सिंगरेणीच्या खाणी सुरू झाल्या. उत्तरेस चंद्रपूर (पूर्वीच्या चांदा) जिल्ह्यातही कोळसा निघतो. परळीच्या वीजकेंद्रात कोळसाच जळत आला आहे. तेव्हा आपल्या घरच्या दिव्याचाही खाणीतील मजुराच्या श्रमाशी संबंध आहे. त्या मजुरासाठी एका मराठी पुरुषाने काय केले, हे पुष्कळांस ठाऊक नाही. ते येथे थोडक्यात सांगावे असे आम्ही योजिले आहे.

भीमराव रामजी आंबेडकर ह्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे एका महार कुटुंबात झाला. त्यांचे वडील सैन्यात सुभेदार होते. भीमराव सुमारे दहा वर्षांचे असता भावंडांसह वडिलांच्या भेटीस निघाले आणि मसूर स्टेशनावर उतरले. जात कळताच कोणी गाडीवान त्यांस नेईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी गाडी स्वतःच हाकली. रात्रभर त्यांस प्यावयास पाणी मिळाले नाही आणि शिदोरी तशीच राहिली. पुढे बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर हाच मुलगा १९१३ साली न्यूयॉर्क येथे व नंतर लंडन येथे शिकून मोठा विद्वान झाला. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांनी गिरणीतील बाळंतिणींस पगारी रजा मिळावी, ह्या बिलाचा कैवार घेतला.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. महायुद्ध पेटले होते. खाणीतील मजूर युद्धाच्या बांधकामांवर व शेतीकडे जाऊ लागल्याने कोळशाचा तुटवडा पडला. तेव्हा सरकारने १९४३ साली, स्त्रियांस जमिनीखाली काम करू न देण्याची बंदी उठविली. पूर्वी झरियाच्या भागात पुरुष कोळसा खणीत आणि स्त्रिया तो टोपल्यांतून वाहून नेत. ही रीत १९३७ साली बंद झाली होती, ती पुन्हा सुरू झाली. ज्याने बाळंतिणींची बाजू मांडली, त्याच्याच खात्याकडून ही आज्ञा निघावी, हा मोठा कठीण प्रसंग होय. पुष्कळांनी दोष दिला. डॉक्टरसाहेबांनी ही सूट तात्पुरती असल्याचे कायदेमंडळास सांगितले, आणि त्या स्त्रियांस पुरुषांइतकीच मजुरी मिळेल अशी अट असल्याचे दाखवून दिले.

पण केवळ दिल्लीत बसून त्यांनी हा कारभार पाहिला नाही. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडील खाणींत स्वतः खाली उतरले आणि मजुरांस काम करिताना पाहिले. त्यांची घरेही त्यांनी पाहिली. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाण मजूर कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशाच्या दर टनावर पट्टी बसवून तो पैसा मजुरांची घरे, पाणी, दवापाणी व शिक्षण ह्यांसाठी राखून ठेवावा, अशी ती योजना होती. म्हणजे मजुराचे हित मालकाच्या दयेवर न राहता त्याच्याच श्रमाच्या फळाशी बांधले गेले. खाणीतील स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचा १९४१ चा कायदाही त्यांच्या काळात सुधारण्यात आला. आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये ती बंदी पुन्हा लागू झाली. दिलेला शब्द पाळला गेला.

पुढे राज्यघटनेचे मोठे कार्य त्यांच्या हातून झाले. १९५० साली त्यांच्या संस्थेने औरंगाबादेस महाविद्यालय काढिले, त्याचा लाभ आपल्या मराठवाड्यातील गरीब मुलांस झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपुरास बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, आणि दोनच दिवसांनी कोळशाच्या त्या चांदा मुलखात जाऊन तेथील लोकांस दीक्षा दिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे ते निवर्तले.

ज्या मुलास एका रात्री पाणी मिळाले नाही, त्याने अंधारात राबणाऱ्या अनोळखी मजुरांच्या पाण्याची तरतूद केली. गावच्या पंचायतीत असो वा मंडळीच्या कमिटीत असो, गरिबांविषयी ठराव करण्याचा प्रसंग आपणांवरही येतो. तेव्हा आधी उठून त्यांच्या वस्तीत जावे, त्यांचे काम व घर डोळ्यांनी पाहावे, आणि मगच सही करावी, एवढे तरी ह्या चरित्रापासून आपण शिकावे, असे आम्हांस वाटते.