रक्ताच्या बाटलीवरील वर्ण

आपले रक्त कोणाच्या देहात जाणार हे रक्तदात्याला ठाऊक नसते. आपले प्राण कोणी वाचविले हे रुग्णाला कळत नाही. एका अनोळखी माणसाने दुसऱ्या अनोळखी माणसावर टाकलेला हा विश्वास हाच रक्तपेढीचा खरा पाया होय. हा पाया घालण्यासाठी झटलेल्या आणि स्वतःच्याच देशात त्याला तडा गेलेला पाहणाऱ्या डॉ. चार्ल्स ड्रू यांचे चरित्र म्हणूनच आजही बोधप्रद आहे.

१९०४ साली वॉशिंग्टन येथील एका कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील गालिचे बसविण्याचे काम करीत. महाविद्यालयात ड्रू यांनी खेळाडू म्हणून नाव मिळविले. परंतु वैद्यकीय शिक्षणासाठी पैसा नसल्याने दोन वर्षे त्यांना क्रीडाशिक्षकाची नोकरी करावी लागली. पुढे कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातून १९३३ साली ते डॉक्टर झाले. तेथेच जॉन बीटी या अध्यापकांच्या सहवासात रक्तसंक्रमणाच्या प्रश्नाने त्यांचे मन वेधले.

त्या काळी साठविलेले रक्त जेमतेम आठवडाभर टिके. रक्तातील पेशी वेगळ्या काढून उरलेला रक्तद्रव मात्र अधिक काळ टिकतो आणि गट न जुळविताही देता येतो, हे ध्यानात आले होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात या साठवणुकीचा बारकाईने अभ्यास करून ड्रू यांनी १९४० साली आपला प्रबंध सादर केला. त्याच वर्षी जर्मन बॉम्बहल्ल्यांनी होरपळणाऱ्या ब्रिटनसाठी न्यूयॉर्कमध्ये रक्तद्रव गोळा करण्याची मोहीम निघाली व तिची वैद्यकीय सूत्रे त्यांच्याकडे आली. रक्त घेण्याची, ते निर्जंतुक राखण्याची आणि तपासण्याची एकच शिस्त त्यांनी सर्व रुग्णालयांना लावून दिली. अवघ्या काही महिन्यांत सुमारे साडेचौदा हजार नागरिकांनी रक्त दिले आणि पाच हजार लिटरहून अधिक रक्तद्रव समुद्रापार गेला.

याच अनुभवावर अमेरिकेच्या रेडक्रॉसची रक्तसंकलन योजना उभी राहिली. ड्रू १९४१ च्या वसंतात हॉवर्ड विद्यापीठात अध्यापनासाठी परतले. त्याच वर्षाच्या अखेरीस कृष्णवर्णीयांचे रक्त घ्यायचेच नाही, असे धोरण रेडक्रॉसने लष्कराच्या इच्छेनुसार जाहीर केले. निषेध झाल्यावर १९४२ च्या जानेवारीत ते घेण्याचे ठरले. पण वेगळे ठेवण्याच्या अटीवर! ज्याने ही व्यवस्था उभारली, त्याचेच रक्त तिने वेगळे काढले. या भेदाला शास्त्राचा कसलाही आधार नाही, हे ड्रू यांनी जाहीरपणे सांगितले. रेडक्रॉसने ही प्रथा १९५० साली बंद केली. त्याच वर्षी १ एप्रिल रोजी नॉर्थ कॅरोलिनात मोटार-अपघातात, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ड्रू यांचे निधन झाले. वर्णामुळे त्यांना उपचार नाकारले गेले, ही पुढे पसरलेली कथा खरी नाही. गोऱ्या डॉक्टरांनी त्यांना वाचविण्याची शर्थ केली होती. ती कथा लोकांना सहज पटावी, यातच त्या काळाचे खरे दुखणे होते.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर रक्ताची विक्री १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली. रक्त विकत मिळत नसेल, तर ते कोणीतरी आपण होऊन दिलेच पाहिजे. तरीही आप्ताची शस्त्रक्रिया ठरल्यावरच आपल्याला रक्तपेढीची वाट आठवते. बिंबिका अवघ्या पाच दिवसांत निरुपयोगी होतात, तांबड्या पेशी फार तर सहा आठवडे टिकतात. म्हणून शिबिराच्या एका दिवसाच्या उत्साहापेक्षा नियमित येणारा दाता मोलाचा. अठरा वर्षांवरील निरोगी पुरुषाला दर तीन महिन्यांनी, तर स्त्रीला दर चार महिन्यांनी रक्त देता येते.

रक्ताला गट असतो, जात नसते, हे आपण भाषणांतून नित्य ऐकतो. ते आचरणात आणण्याची सर्वांत साधी जागा रक्तपेढी हीच आहे. आपले रक्त कोणाला जाणार हे न विचारता जो तेथे हात पुढे करतो, तो ड्रू यांचे अपुरे राहिलेले कार्यच पुढे नेतो.