बडी वर्नर

वॉलेस जेरॉल्ड वर्नर ऊर्फ बडी वर्नर (२६ फेब्रुवारी १९३६ – १२ एप्रिल १९६४) हे अमेरिकेचे अल्पाइन स्कीपटू होते. ऑस्ट्रियातील कित्झब्यूल येथील हानेनकाम डाउनहिल ही या खेळातील सर्वांत अवघड समजली जाणारी शर्यत जिंकणारे ते पहिले अमेरिकन होत. युरोपीय स्पर्धकांचे या खेळावर जवळजवळ संपूर्ण वर्चस्व असतानाच्या काळात त्यांनी हे यश मिळवले. ऑलिंपिक पदक मात्र त्यांना कधीही मिळाले नाही. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनात त्यांचा मृत्यू झाला.

== बालपण ==

वर्नर यांचा जन्म कोलोरॅडो राज्यातील स्टीमबोट स्प्रिंग्ज या गावी झाला. समुद्रसपाटीपासून सुमारे २,०५० मीटर उंचीवरील या गावात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कार्ल होवेल्सन या नॉर्वेजियन स्थलांतरिताने स्कीइंगची गोडी लावली होती. गावालगतच्या टेकडीला त्यांचेच नाव आहे. या टेकडीवरच गावातील मुले स्कीइंग शिकत. बडी यांची थोरली बहीण ग्लॅडिस ऊर्फ स्कीटर आणि धाकटा भाऊ लॉरिस हे दोघेही पुढे ऑलिंपिकपर्यंत पोहोचले. एका लहान गावातील एकाच घरातून तीन ऑलिंपिकपटू निघावेत, हे त्या टेकडीचे श्रेयच म्हणावे लागेल.

== युरोपातील शर्यती ==

१९५४मध्ये किशोरवयातच वर्नर यांनी नॉर्वेतील होल्मेनकोलेन येथे डाउनहिल शर्यत जिंकली. १९५६च्या कोर्तिना ऑलिंपिकमध्ये ते डाउनहिलमध्ये अकरावे आले. त्याच स्पर्धेत कित्झब्यूलच्या टोनी सायलर यांनी तिन्ही अल्पाइन सुवर्णपदके जिंकली. वर्नर यांची गाठ कोणाशी होती, हे यावरून लक्षात येते. १९५८मध्ये त्यांनी स्वित्झर्लंडमधील वेंगेन येथे लाउबरहोर्न स्पर्धेचे संयुक्त विजेतेपद मिळवले आणि त्याच वर्षी बाद गास्टाइन येथील जागतिक स्पर्धेत ते स्लॅलममध्ये चौथे आले. जानेवारी १९५९मध्ये त्यांनी हानेनकाम डाउनहिल जिंकली. त्यानंतर ही शर्यत पुन्हा अमेरिकेकडे येण्यास ४४ वर्षे लागली. २००३मध्ये डॅरन राल्व्ह्स यांनी ती जिंकली.

वर्नर जिंकण्यासाठीच उतरत. मधला क्रमांक राखून सुरक्षित खाली येणे त्यांना मानवत नसे. त्यामुळे त्यांच्या कारकिर्दीत विजयांच्या जोडीला पडझडही बरीच आहे. मोठ्या स्पर्धांतील त्यांची कामगिरी गुणांच्या मानाने तोकडी दिसते, तिचे एक कारण हे आहे. दुसरे कारण त्यांच्या स्वभावाबाहेरचे होते.

== हंगामपूर्व सरावाची अडचण ==

अल्पाइन स्कीइंगच्या महत्त्वाच्या शर्यती जानेवारी ते मार्च या काळात आणि प्रामुख्याने आल्प्समध्ये होत. हंगाम इतका छोटा असल्यामुळे त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांतील तयारीला फार महत्त्व असे. बर्फ पडण्यापूर्वी धावणे, डोंगर चढणे, मांड्या व गुडघे बळकट करणारे व्यायाम करणे, आणि पहिला बर्फ साचताच बांबूच्या काठ्या रोवून केलेल्या फाटकांमधून वळणांची घोटणी करणे, असा हा क्रम असे. स्लॅलममध्ये एकामागून एक येणारी फाटके नजरेने आधीच टिपावी लागतात. उन्हाळ्यात मंदावलेली ही नजर पुन्हा तल्लख होण्यास बर्फावरचे दिवसच लागतात. डाउनहिलमध्ये उतारावरील प्रत्येक उंचवटा, सावली आणि कठीण बर्फाचा पट्टा यांची ओळख असावी लागते, आणि ती त्या विशिष्ट डोंगरावरच होते.

येथेच वर्नर यांची बाजू लंगडी पडे. सायलर, अँडरल मोल्टरर, अर्न्स्ट हिंटरझेअर हे त्यांचे प्रतिस्पर्धी कित्झब्यूलचेच. हानेनकामचा श्ट्राइफ हा उतार त्यांच्या दारातला. अमेरिकन स्पर्धक महासागर ओलांडून परक्या डोंगरांवर येत आणि थोड्या दिवसांत जमेल तेवढी ओळख करून घेत. १९६१पर्यंत अमेरिकन अल्पाइन संघाला कायमस्वरूपी राष्ट्रीय प्रशिक्षकही नव्हता. हंगामाची तयारी खेळाडूने आपापल्या परीने, गावच्या मंडळाच्या किंवा विद्यापीठाच्या आधाराने करावयाची, अशी रीत होती. त्यातच हौशीपणाचे नियम कडक असल्याने स्कीइंगवर उघडपणे पैसा मिळवणे शक्य नव्हते. अशा स्थितीत १९५९चा विजय हा घरच्या खेळाडूंवर त्यांच्याच अंगणात मिळवलेला विजय ठरतो. त्याचे मोल केवळ एका शर्यतीचे नाही.

== १९५९चा अपघात ==

१९६०चे हिवाळी ऑलिंपिक कॅलिफोर्नियातील स्क्वॉ व्हॅली येथे होणार होते. वर्नर यांना प्रथमच मायदेशातील बर्फावर ऑलिंपिक खेळण्याची संधी होती आणि डाउनहिलमधील संभाव्य विजेत्यांत त्यांचे नाव घेतले जात होते. डिसेंबर १९५९मध्ये, स्पर्धेला जेमतेम दोन महिने उरले असताना, कोलोरॅडोतील ॲस्पेन येथे सराव करताना त्यांचा पाय मोडला. त्या काळी शर्यतीचे स्कीपटू बूट लांब चामडी पट्ट्याने स्कीला घट्ट जखडत. पडल्यावर स्की पायापासून सुटत नसे. दोन मीटरहून लांब स्कीची सारी पिळवटणी पायाच्या हाडावर येई, आणि पाय मोडणे ही या खेळातील नित्याची दुखापत होती.

स्क्वॉ व्हॅलीत डाउनहिलचे सुवर्णपदक फ्रान्सच्या जाँ व्ह्युआर्ने यांनी धातूच्या स्कीवर जिंकले. अमेरिकन महिलांनी रौप्यपदके मिळवली, पुरुषांच्या हाती एकही अल्पाइन पदक लागले नाही.

== बीटी यांचा संघ आणि इन्सब्रुक ==

पाय बरा झाल्यावर वर्नर बोल्डर येथील कोलोरॅडो विद्यापीठात बॉब बीटी यांच्या हाताखाली सराव करू लागले. १९६१मध्ये बीटी राष्ट्रीय प्रशिक्षक झाले. अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूंना देतात तशी कठोर शारीरिक तालीम त्यांनी हंगामापूर्वी सुरू केली आणि विखुरलेल्या स्कीपटूंना एकत्र सरावाची सवय लावली. बिली किड आणि जिमी ह्यूगा हे तरुण याच तालमीत तयार झाले. वर्नर त्यांच्याहून सात वर्षांनी मोठे आणि युरोपातील उतारांचा दीर्घ अनुभव असलेले होते. स्वतःच्या उमेदीच्या वर्षांत जी व्यवस्था त्यांना लाभली नाही, ती त्यांना कारकिर्दीच्या अखेरीस मिळाली.

१९६४च्या इन्सब्रुक ऑलिंपिकला सुरुवातीपासून गालबोट लागले. बर्फ अपुरा होता. डाउनहिलच्या सरावातच ऑस्ट्रेलियाचे रॉस मिल्न मृत्युमुखी पडले. ८ फेब्रुवारी रोजी झालेल्या स्लॅलममध्ये किड यांनी रौप्य आणि ह्यूगा यांनी कांस्यपदक मिळवले. अमेरिकन पुरुषांची ही पहिलीच अल्पाइन पदके होती. वर्नर आठवे आले. हंगाम संपताच त्यांनी शर्यतींतून निवृत्ती पत्करली.

== मृत्यू ==

निवृत्तीनंतर काही आठवड्यांतच, विली बोग्नर यांच्या स्कीइंगवरील चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी, वर्नर स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झजवळ होते. १२ एप्रिल १९६४ रोजी व्हाल सेलिन येथे स्कीपटूंचा गट उतारावरून येत असताना हिमस्खलन झाले. त्यात वर्नर आणि १९६०च्या ऑलिंपिकमधील कांस्यपदकविजेत्या जर्मन स्कीपटू बार्बी हेनेबर्गर या दोघांचा अंत झाला. पहिल्या लोंढ्यातून वर्नर निसटले होते आणि दुसऱ्याने त्यांना गाठले, असे तेव्हा प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतून दिसते.

== स्मारके ==

१९६४मध्येच त्यांचा अमेरिकेच्या राष्ट्रीय स्की सन्मान-दालनात समावेश झाला. स्टीमबोट स्प्रिंग्जजवळील स्टॉर्म माउंटन या पर्वताचे नाव बदलून माउंट वर्नर ठेवण्यात आले. गावातील सार्वजनिक ग्रंथालयही त्यांच्या नावे आहे. अमेरिकेतील अनेक ठिकाणी लहान मुलांच्या शर्यतींसाठी बडी वर्नर लीग चालवली जाते. बिली किड पुढे स्टीमबोटला स्थायिक झाले आणि माउंट वर्नरवरील स्की केंद्राचे संचालक म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले.